निळा दिवा आणि कारंज्याचा उन्हाळा

मे महिन्यात आमच्या कारंजा लाडला टिनाच्या घरात दुपार काढणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. बऱ्याच घरांत त्यावर एक उपाय दिसतो. खिडकीला निळा पडदा आणि रात्री निळा झिरो बल्ब. "डोळ्यांना थंड वाटतं," असं बाया म्हणतात आणि ते खोटं नाही. पण डोळ्यांना थंड वाटणं वेगळं, अंग थंड होणं वेगळं. हा फरक माणसाला कसा कळत गेला, ते आज सांगणार आहोत.

आपल्या आज्यांच्या काळी उजेड म्हणजे आगच. चूल, चिमणी, कंदील. मूर्तिजापूरहून कारंज्यामार्गे यवतमाळला जाणारी आपली शकुंतलासुद्धा १९९४ पर्यंत कोळशाच्या धगीवर चालली. तांबडा-पिवळा उजेड जिथे, तिथे ऊब. निळाई मात्र पाण्यात आणि पहाटेच्या आभाळात. पिढ्यानपिढ्या हेच पाहिलं, म्हणून तांबडं ते गरम नि निळं ते गार, ही गाठ मनात पक्की बसली.

विजेचा जुना बल्बही त्याच वाणाचा. तार तापवून उजेड करायचा. घेतलेल्या विजेतले दहापैकी नऊ भाग उष्णतेतच जायचे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता निघते. म्हणजे १०० वॅटचा बल्ब लावला की खोलीत आणखी एक माणूस आणून बसवल्यासारखंच. "तो पिवळा दिवा मालव, गरम होतं," हे सासूबाईंचं म्हणणं अगदी बरोबर होतं. फक्त दोष रंगाचा नव्हता, तापलेल्या तारेचा होता. पुढे ट्यूबलाइट आली, ५ जानेवारी २०१५ ला सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी घरोघर पोचले. नऊ वॅटचा एलईडी पिवळा घ्या की पांढरा, खोली सारखीच तापते.

त्या एलईडीच्या खोक्यावर पिवळ्या उजेडाला 'वॉर्म व्हाइट' ३००० आणि पांढऱ्याला 'कूल डेलाइट' ६५०० असं लिहिलेलं असतं. गंमत पाहा, 'कूल'चा आकडा मोठा! लोहार बैलगाडीच्या चाकाची धाव तापवतो तेव्हा लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, आणखी तापलं की पांढुरकं. निसर्गात पांढरं जास्त तापलेलं असतं, आणि आपलं मन त्यालाच थंड म्हणतं.

उष्णतेचा खरा ठाव १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांना लागला. (त्यांची बहीण कॅरोलिनही मोठी खगोलशास्त्रज्ञ, स्वतः धूमकेतू शोधणारी.) त्यांनी काचेच्या लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि एकेका रंगात तापमापक ठेवला. जांभळ्याकडून लालकडे पारा चढत गेला. लालच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे तो सगळ्यात जास्त चढला. दुपारी तापलेलं टिन आपल्या अंगावर टाकतं ती हीच, न दिसणारी उष्णता. निळ्या बल्बाने ती हटत नाही.

मग रंगाचा परिणाम किती? १९७२ साली अमेरिकेत बेनेट आणि रे यांनी माणसांना लाल, निळे चष्मे घालून वेगवेगळ्या तापमानात बसवलं. रंगामुळे त्यांच्या सुखात फरक पडला नाही. १९७७ साली डेन्मार्कचे फँगर आणि सहकारी यांना थोडा फरक सापडला. लाल उजेडातल्या लोकांना निळ्यातल्यापेक्षा खोली ०.४ अंशाने थंड हवी होती. पाव-अर्धा अंश! आपला पारा चाळिशी ओलांडून चाललेला.

म्हणून निळा दिवा हवा तर खुशाल लावा, मनाला बरं वाटतं. पण बाळंतीण किंवा म्हातारी सासू त्या निळ्या खोलीत शांत पडून आहे, म्हणून ती ठीक आहे असं धरू नका. तिची जीभ कोरडी आहे का, लघवी कमी झाली का, बोलणं असंबद्ध होतंय का, ते पाहा. असंबद्ध बोलू लागली तर अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा. रंगाला खरं काम द्यायचं तर ते उन्हाच्या वाटेत द्या. टिनावर बाहेरून पांढरा चुना मारला की ऊन परत फिरतं, आणि हिरवी जाळी छताच्या वर, हातभर उंचीवर ताणली की सावली टिनावरच पडते. चुना पावसात धुऊन जातो, तो दर साली होळीनंतर पुन्हा मारायचा.