चित्रपुस्तकांचा सेतू : युद्धोत्तर जर्मनीतील एक प्रयोग

बालसाहित्याच्या अभ्यासात चित्रपुस्तकाकडे बहुधा वाचनाची पूर्वतयारी म्हणूनच पाहिले जाते. भिन्न संस्कृतींतील मुलांना परस्परांच्या जीवनाची ओळख करून देणारे साधन, या दृष्टीने त्याचा विचार अभावानेच होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत झालेला एक प्रयोग या संदर्भात उद्‌बोधक ठरतो.

श्टुटगार्ट येथे जन्मलेल्या येला लेपमन (१८९१-१९७०) या ज्यू पत्रकार स्त्रीला नाझी राजवटीमुळे १९३६ मध्ये देशत्याग करावा लागला. १९४५ मध्ये त्या अमेरिकी लष्कराच्या स्त्रिया व मुलांविषयीच्या सल्लागार म्हणून परतल्या. मुलांना अन्नवस्त्राबरोबरच पुस्तकेही हवीत, अशी त्यांची धारणा होती. खरेदीसाठी निधी नसल्याने त्यांनी सुमारे वीस देशांकडे पत्राद्वारे पुस्तकांची मागणी केली. भाषेचा अडसर दूर व्हावा म्हणून चित्रपुस्तकांवर विशेष भर दिला. जर्मन आक्रमण दोनदा सोसलेल्या बेल्जियमने प्रथम नकार दिला. लेपमन यांनी पुन्हा विनंती केल्यावर तेथूनही पुस्तके आली.

जुलै १९४६ मध्ये म्युनिक येथे हे प्रदर्शन भरले. ते ज्या वास्तूत भरले, ती नाझींनी १९३७ मध्ये 'शुद्ध' जर्मन कला मिरविण्यासाठी खुली केली होती, ही बाब लक्षणीय आहे. बर्लिनच्या प्रदर्शनासाठी लेपमन यांनी लढण्यास नकार देणाऱ्या फर्डिनंड या बैलाची अमेरिकी कथा अनुवादित केली आणि तिच्या तीस हजार प्रती वर्तमानपत्री कागदावर छापवून घेतल्या. या उपक्रमातूनच १९४९ मध्ये म्युनिकचे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय आणि १९५३ मध्ये झुरिक येथे बालपुस्तकांचे आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले.

या प्रयोगाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. हा सेतू आरंभी प्रामुख्याने युरोप व अमेरिका यांना जोडणारा होता. पुढे १९८६ मध्ये जपानी चित्रकार मित्सुमासा आन्नो यांनी अन्य देशांतील चित्रकारांच्या सहकार्याने, एकाच वेळी जगातील निरनिराळ्या ठिकाणची मुले काय करीत असतात हे दाखविणारे पुस्तक सिद्ध केले. इतरांनी काढलेली आपली चित्रे पाहण्याऐवजी प्रत्येकाने आपले चित्र स्वतः रेखाटण्याच्या दिशेने ते एक पाऊल होते.

सारांश, चित्रपुस्तकाने युद्धे टळतात असा दावा करता येणार नाही. तथापि, कालच्या शत्रूच्या मुलांसाठी पुस्तके पाठविणे हीच समेटाची एक कृती होती. अध्यापक-प्रशिक्षणात बालग्रंथालयाचा विचार करताना हा इतिहास दुर्लक्षून चालणार नाही.