बाजाराचं नाव, गावांची चप्पल

कोल्हापुरात भांडण रंगात आलं की 'पायताणानं हाणीन' ही धमकी ठरलेली. संस्कृतातल्या 'पादत्राणा'चा हा रांगडा वंशज. घरातल्या माणसाला कोण आडनावानं हाक मारतं? तसंच इथल्या माणसाला आपल्या चपलेला 'कोल्हापुरी' म्हणायची गरज पडत नाही, नुसतं पायताण पुरतं. 'कोल्हापुरी' हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव.

त्याआधी नावं पुष्कळ होती. कापशी, कचकडी, पुकरी, बक्कलनाळी. कधी घडणीवरून, कधी गावावरून. कापशी म्हणजे कागल तालुक्यातलं सेनापती कापशी. सीमेपलीकडे कर्नाटकात अथणी आणि निपाणी भागातही हेच काम चालतं. तिकडचे कारागीर आपलं कूळ थेट बाराव्या शतकातल्या शरण हरळय्यापर्यंत नेतात. बसवेश्वरांसाठी त्यानं स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे केले, अशी कथा आहे. आख्यायिकाच ती, पण तिच्यात राजा नाही, कारागीर आहे.

काम मात्र आख्यायिकेइतकं सोपं नाही. म्हशीचं कातडं बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवून कमावायचं, थरावर थर बसवून तळ करायचा आणि सगळं चामड्याच्याच वादीनं शिवायचं. खिळा कुठंच नाही. पट्ट्यावरची बारीक वेणी बहुतेक घरांत बायकांच्या हातची. पूर्वी कातडं कमावणारे ढोर आणि चप्पल शिवणारे चर्मकार अशी ही कामं जातीजातींत वाटलेली होती. शहराचं नाव जगभर झालं, या माणसांचं झालं नाही, हे या कुळकथेतलं बोचणारं पान.

नवी जोडी पायाला चावते आणि करकर वाजते. तिला तेल पाजून, चार दिवस सोसून माणसाळवावं लागतं. करकर ऐकूनच वाड्यात कोण आलं ते कळायचं. काहींना तर तोच रुबाब वाटायचा.

राजर्षी शाहूंच्या काळात (1894 ते 1922) संस्थानात चर्मोद्योगाला आश्रय मिळाला. पुढे 1920च्या दशकात जड पायताण हलकं झालं. दोन्ही बाजूंना छोटे कान असलेली पातळ 'कानवाली' घडवण्याचं श्रेय सौदागर कुटुंबाकडे जातं. ती मुंबईच्या दुकानात पोचली. आता मुंबईच्या गिऱ्हाइकाला कापशी कुठं आणि अथणी कुठं, याच्याशी काय देणंघेणं? माल कोल्हापूरकडचा, म्हणून चप्पल कोल्हापुरी. 1970च्या दशकात हिप्पींनी तीच पायात अडकवून अमेरिका-युरोपात फिरवली.

कायद्यानं या नावाची मोजणी केली ती 2019मध्ये. भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे बागलकोटात शिवलेली चप्पलही कायद्यानं कोल्हापुरीच! कोल्हापूरकरांनी यावर नाक मुरडायचं कारण नाही, नाव वाढलं ते अशा सगळ्यांच्या हातांवर.

मग जून 2025. मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये पुरुष मॉडेलांच्या पायांत अंगठ्याची, वेणीची ओळखीची चप्पल दिसली. ओळख मात्र 'चामड्याची सँडल' एवढीच. गदारोळ उठला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं, प्राडानं प्रेरणा कबूल केली, कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: 2,000 जोड्या भारतातच बनणार, एकेकीची किंमत सुमारे 800 युरो, आणि नावात 'कोल्हापुरी चपलांपासून प्रेरित' असा उल्लेख.

कोल्हापुरातल्या चप्पल लाईनमध्ये मात्र पाहुण्यानं 'एक कोल्हापुरी दाखवा' म्हटलं, की दुकानदार उलट विचारतो, "कुठली? कापशी की कुरुंदवाडी?"