उंबरखिंडीची वाट : यात 'आपले' कोण?

शिवाजी महाराजांचा इतिहास शिकवताना मुस्लिम मुलांच्या वर्गात एक प्रश्न कधीतरी येतोच. "सर, यात आपले कोण?" प्रश्न निरागस असतो, पण तो मुलाच्या मनात कुठून आला हे आपल्याला ठाऊक असते. त्याचे उत्तर मी लोणावळ्याजवळच्या एका घाटवाटेवरून देतो.

शाहिस्तेखान मे १६६० मध्ये पुण्यात येऊन बसला. ऑगस्टमध्ये त्याने चाकणचा किल्ला घेतला, पण फिरंगोजी नरसाळ्यांनी त्यासाठी त्याला जवळजवळ दोन महिने झुंजवले. पुढे उत्तर कोकण घेण्यासाठी त्याने कारतलबखानाला पाठवले. आम्हा उर्दूवाल्यांना या किताबातच माणूस दिसतो. कार म्हणजे काम, तलब म्हणजे ओढ. कारतलब, म्हणजे कामगिरीसाठी आसुसलेला. बोरघाटाने न जाता तो लोहगडाच्या बाजूने येऊन कुरवंडे घाटात शिरला. तारीख होती २ फेब्रुवारी १६६१.

ही वाट आजही चालता येते. वलवणहून पहाटे निघावे, लोणावळा ओलांडून कुरवंडे गाव गाठावे आणि नागफणीच्या सुळक्याजवळून खाली उतरून चावणी गावाकडे जावे. तिथे अंबा नदीच्या परिसरात उंबरखिंड आहे. दिवसभराची चाल होते. पाठीवर बिछाना, शिधा आणि पाणी घेऊन मी ती उतरलो, तेव्हा पुस्तकात न समजलेली गोष्ट गुडघ्यांना समजली. उतारावर पाठीवरचे ओझे माणसाला पुढे ढकलते. वाट अरुंद, त्यामुळे एकामागे एकच चालायचे. मागच्याला पुढे काय झाले ते कळत नाही आणि पुढच्याला मागे वळता येत नाही. झाडी इतकी दाट की वारा लागत नाही. फेब्रुवारीत ओढेही आटत आलेले असतात.

आता हजारोंची फौज डोळ्यांसमोर आणा. घोडी, हत्यारे, तंबू, खजिना, रसद असे सगळे याच वाटेने उतरत होते. महाराजांचे मावळे मात्र हलके होते आणि प्रत्येक वळण त्यांच्या पायाखालचे होते. त्यांनी वर घाटात कुणाला अडवले नाही. फौज खिंडीत पूर्ण उतरू दिली, मग पुढची वाट रोखली आणि मागची तोंडेही बंद केली. दोन्ही बाजूंच्या झाडीतून मारा सुरू झाला. कवींद्र परमानंदांनी 'शिवभारत' या संस्कृत काव्यात या फौजेची तहान आणि घुसमट सांगितली आहे. ही वाट चाललेल्याला त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

खानासोबत रायबागन होती. माहूरच्या देशमुख घराण्यातली ही शूर बाई मोगलांच्या बाजूने लढत होती. शरण जाण्याचा सल्ला तिनेच दिला. खानाने वकील पाठवला. महाराजांनी अट घातली की सगळे सामान इथेच टाका आणि जीव घेऊन जा. खजिना, घोडी, हत्यारे मागे राहिली आणि माणसे परत गेली. कोंडीत सापडलेल्या त्या फौजेची कत्तल करता आली असती, पण महाराजांनी ती केली नाही.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. खानाच्या फौजेत रायबागन होती, जाधव आणि कोकाटे आडनावांचे मराठे सरदारही होते. दुसऱ्या बाजूला, याच्या आदल्या वर्षी पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा होता, तो फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल गेले होते. त्या लढाईत त्यांचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. पुढे महाराजांच्या आरमारात दौलतखान होते. नेताजींचे 'सरनोबत' हे पद तर फारसी भाषेतले. नावे पाहून बाजू वाटायला बसलो, तर उंबरखिंडीची लढाई सांगताच येणार नाही.

याचा अर्थ त्या काळी धर्म नव्हता किंवा धर्माचा अभिमान नव्हता, असा नाही. पण चाकरी, वतन, इमान आणि आपला मुलूख ही नातीही तितकीच घट्ट होती. म्हणून मी मुलांना सांगतो, "बाळांनो, आपले कोण हे नावावरून ठरवू नका. ही वाट कोणाला माहीत होती, ते आधी विचारा." मावळची माती, इथले ओढे आणि पायवाटा ज्यांच्या अंगात मुरल्या होत्या, त्यांनी ती लढाई जिंकली. ही माती आपलीही आहे. आपल्या कैक पिढ्या तिच्यातच दफन आहेत.

पुढे याच डोंगरांनी वेगळी ओझी पाहिली. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले, आणि वलवणच्या धरणात अडवलेले पाणी घाट उतरून तिथे वीज निर्माण करते. ज्या उतारावर एक फौज पाण्यावाचून अडली, त्याच डोंगराचे पाणी आज मुंबईला दिवे देते.

उंबरखिंडीत आज स्मारक आहे. फेब्रुवारीत तिथे विजयदिन साजरा होतो. आपल्या मुलांना तिथे जरूर घेऊन जा, पण गाडीने थेट स्मारकापाशी नको. कुरवंड्यापासून चालत न्या, आणि प्रत्येकाच्या पाठीवर थोडे ओझे द्या. पायांनी शिकलेला इतिहास कुणी सहजासहजी हिरावून घेऊ शकत नाही.