लोणारचे पाणी आणि रासायनिक अभिक्रियांचे प्रकार

ज्या प्रक्रियेत पदार्थांतील अणूंची परस्परांशी असलेली जोडणी बदलून निराळ्या गुणधर्मांचे पदार्थ निर्माण होतात, ती रासायनिक अभिक्रिया होय. भाग घेणारे पदार्थ अभिक्रियाकारक आणि निर्माण होणारे पदार्थ उत्पादिते. अणूंचे प्रकार व संख्या कायम राहतात. म्हणून एकूण वस्तुमानही कायम राहते. या व्याख्येत रंगबदल, बुडबुडे किंवा साका यांचा उल्लेख नाही. ती अभिक्रियेची लक्षणे होत. लक्षणावरून अनुमान करता येते. निर्णय मात्र व्याख्येवरूनच करावा लागतो.

लक्षण व व्याख्या यांतील हे अंतर बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरात स्पष्ट होते. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात हे सरोवर आहे. पाणी आत येते. बाहेर जाण्यास वाट नाही. पाण्याचा सामू १० च्या आसपास असल्याने त्यात हळद लाल होते, म्हणजे पाणी आम्लारिधर्मी आहे. हा गुणधर्म पुढील चार टप्प्यांनी निर्माण होतो.

१. संयोग : पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषते. दोन पदार्थांपासून एक पदार्थ, कार्बोनिक आम्ल, तयार होतो.

२. आम्लाचा व्यय : हे सौम्य आम्ल बेसाल्टमधील सिलिकेट खनिजांवर क्रिया करते. सोडिअम व कॅल्शिअम यांची बायकार्बोनेटे पाण्यात उतरतात, मागे चिकणमाती उरते. आम्ल येथे खर्ची पडते. म्हणून ही क्रिया उदासिनीकरणाच्या जातीची आहे.

३. अपघटन : कॅल्शिअम बायकार्बोनेटपासून कॅल्शिअम कार्बोनेट, पाणी व कार्बन डायऑक्साइड निर्माण होतात. कॅल्शिअम कार्बोनेट अविद्राव्य असल्याने तळाशी बसते. सोडिअमची बायकार्बोनेट व कार्बोनेट दोन्ही विद्राव्य असल्याने पाण्यातच राहतात. पाण्याच्या आम्लारिधर्माचे कारण या भेदात आहे.

४. बाष्पीभवन : उन्हाळ्यात पाणी आटून काठावर क्षारांचा पांढरा थर जमतो. तो पाण्यात विरघळवल्यास तेच क्षार पुन्हा द्रावणात येतात. सबब हा बदल मुख्यतः भौतिक आहे.

यावरून असे निष्पन्न होते की सर्वांत ठळक दिसणारा चौथा टप्पा मुख्यतः रासायनिक नाही, आणि डोळ्यांना न दिसणारा दुसरा टप्पा रासायनिक आहे. रंगाबाबतही हाच न्याय लागू होतो. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले. तपासाअंती त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे रंगद्रव्य असल्याचे आढळले. ते रंगद्रव्य सूक्ष्मजीवांच्या पेशींत तयार झाले होते; पाण्यातील क्षारांची परस्परांत अभिक्रिया झाल्याचा तो पुरावा नव्हे.

वस्तुमानाचा नियम वर्गात पडताळता येतो. ८४ ग्रॅम खाण्याचा सोडा पूर्णपणे अपघटित होईपर्यंत तापवल्यास ५३ ग्रॅम सोडिअम कार्बोनेट, ९ ग्रॅम पाण्याची वाफ व २२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतात. भांड्यात ५३ ग्रॅमच उरतात. परंतु निसटलेले ३१ ग्रॅम हिशेबात धरले की बेरीज ८४ होते. उघड्या भांड्यात दिसणारी घट म्हणजे द्रव्याचा नाश नव्हे.

अभिक्रियेचा आणखी एक प्रकार म्हणजे दुहेरी विस्थापन; त्याचे उदाहरण याच जिल्ह्याच्या शेतीत आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा काही भाग शेगाव-संग्रामपूरकडे येतो. सोडिअमयुक्त चोपण जमिनीत जिप्सम (कॅल्शिअम सल्फेट) घातल्यास सोडिअम कार्बोनेट व कॅल्शिअम सल्फेट यांच्यातील घटकांची अदलाबदल होते. कॅल्शिअम कार्बोनेट जमिनीत राहते. विद्राव्य सोडिअम सल्फेट, निचरा असल्यास, पाण्याबरोबर निघून जाते. निचरा नसल्यास अभिक्रिया होऊनही जमीन सुधारत नाही, कारण उत्पादित जागीच राहते.

तात्पर्य, कोणत्याही बदलाची परीक्षा तीन प्रश्नांनी, याच क्रमाने करावी : (अ) आधी कोणते पदार्थ होते? (आ) नंतर कोणते आहेत? (इ) दोन्ही बाजूंचे अणू जुळतात का? पहिल्या दोहोंची उत्तरे एकच आल्यास अभिक्रिया झालेली नाही. ती भिन्न आल्यास अभिक्रिया झाली आहे. आणि तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी आल्यास एखादा पदार्थ मोजायचा राहिला आहे.