ॲड्रियाना परत का येत नाही?

वुडी ॲलनचा ‘मिडनाइट इन पॅरिस’ (२०११) मी कितीदा पाहिला याची मोजदाद नाही. दर वेळी हसू फुटते ते बुन्युएलच्या प्रसंगाला. हॉलिवूडचा पटकथालेखक गिल पेंडर मध्यरात्री चर्चच्या पायऱ्यांवर बसलेला असतो. एक जुनी प्यूजो गाडी येते आणि त्याला १९२०च्या दशकात घेऊन जाते. तिथे तो बुन्युएलला चित्रपटाची कल्पना पुरवतो : मेजवानीला जमलेले पाहुणे दिवाणखान्यातून बाहेरच पडू शकत नाहीत. का पडू शकत नाहीत, हे बुन्युएलच्या डोक्यात काही केल्या शिरत नाही. पुढे १९६२मध्ये हाच चित्रपट त्याने खरोखर केला!

या गमतीला बाधा न आणता एक प्रश्न विचारावासा वाटतो. गिलला भुरळ घालणारे ते पॅरिस नेमके कोणाचे होते?

गिल बसतो त्या पायऱ्यांपासून हेमिंग्वेचे १९२२मधले घर चालत काही मिनिटांवर आहे. घरात नळ नव्हता, पण पत्नीचे डॉलरमधले उत्पन्न होते. त्याच वर्षी त्याने टोरांटोच्या वृत्तपत्रात लिहिले, की वर्षाला हजार डॉलरांत पॅरिसमध्ये मजेत राहता येते. महायुद्धापूर्वी एका डॉलरला सुमारे पाच फ्रँक मिळत. जुलै १९२६मध्ये हा भाव पन्नासच्या घरात गेला. शिवाय अमेरिकेत दारूबंदी होती. प्रतिभावंत पॅरिसला जमले त्यामागे कला होती, तसा हा हिशेबही होता. ज्या फ्रेंच कुटुंबांनी आयुष्यभराची पुंजी सरकारी रोख्यांत ठेवली होती, त्यांच्यासाठी हाच भाव म्हणजे सर्वनाश. १९२८मध्ये फ्रँक स्थिर झाला तो युद्धपूर्व सुवर्णमूल्याच्या एक-पंचमांशावर. त्याआधी, १९२६च्या त्या जुलैत, परदेशी पर्यटकांच्या बसगाड्यांची पॅरिसकरांनी भर रस्त्यात हुर्यो उडवली होती. चित्रपटात अर्थातच यातले काही नाही. असते तर तो विनोदी राहिला नसता.

पटकथेतला सर्वांत चतुर भाग ॲड्रियानाचा. १९२०च्या दशकातल्या या तरुणीला आपला काळ नीरस वाटतो. तिला १८९०चे दशक हवे असते. ते दोघे तिथे पोहोचतात, तर देगा आणि गोगँ प्रबोधनकाळासाठी झुरताना दिसतात. ‘बेल एपोक’ म्हणजे ‘सुंदर युग’ हे नावही त्या युगाला नंतरच चिकटले. त्या काळातल्या लोकांनी अराजकवाद्यांचे बॉम्ब आणि १८९४मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्नो यांचा खून पाहिला होता. प्रत्येकाला आपला वर्तमान अपुराच वाटतो, असे गिल ॲड्रियानाला समजावतो आणि प्रेक्षक मान डोलावतो.

इथे मात्र माझे पटकथेशी जमत नाही. गिलचा स्मृतिविलास हौसेचा आहे; पुस्तके वाचून जडलेला. ज्या हेमिंग्वेच्या पॅरिसवर तो भाळला, त्याच्या आठवणींचे पुस्तकही उतारवयात लिहिलेले आणि मृत्यूनंतर १९६४मध्ये निघालेले. ॲड्रियानाचे तसे नाही. ती आणि १८९०चे दशक यांच्यामध्ये एक महायुद्ध उभे आहे. फ्रान्सचे सुमारे चौदा लाख सैनिक त्यात मेले. तिच्या बरोबरीचे तरुण त्यांतच होते. अशा मुलीला १९१४च्या पलीकडचे जग हवेसे वाटले, तर त्याला केवळ स्वभावदोष कसे म्हणावे? चित्रपटात युद्धाचा हा संदर्भ कुठेच येत नाही, म्हणून तिचा हट्ट गिलच्या हट्टासारखाच दिसतो.

गिल शहाणा होऊन परततो आणि पावसात एका पॅरिसकर मुलीबरोबर चालू लागतो. ॲड्रियाना मागेच राहते. तिथे तिला मुले झाली असतील, तर १९१४च्या ऑगस्टमध्ये ती विशीच्या आसपास असतील.