संकटांच्या वेढ्यात परमेश्वरावर भरवसा



द्राक्षे काढणीला आलेली असताना गारपीट व्हावी, त्याच दिवसांत घरात आजारपण यावे आणि सोसायटीच्या कर्जाची फेड तोंडावर असावी, असा काळ नाशिक जिल्ह्यातील कित्येक कुटुंबांनी अनुभवला आहे. अशा वेळी परमेश्वरावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

दोथानचा वेढा

जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या ग्रंथात (६:८-२३) याचे उत्तर सापडते. संदेष्टा अलीशा याला पकडण्यासाठी अरामाच्या राजाने रातोरात दोथान नगराला वेढा घातला. पहाटे सेवकाने घोडे व रथ पाहिले आणि तो गर्भगळीत झाला. अलीशाने सेवकासाठी प्रार्थना केली, ती त्याचे डोळे उघडावेत म्हणून. तेव्हा सेवकाला सारा डोंगर अग्निमय रथांनी भरलेला दिसला. शत्रूचा वेढा अजून उठला नव्हता. परंतु आपण एकटे नाही, हे त्याला उमगले.

गाऱ्हाणे हीदेखील प्रार्थनाच

तेराव्या स्तोत्राचा कर्ता, आणखी किती काळ, असे देवाला चार वेळा विचारतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरीही ख्रिस्तसभा ही स्तोत्रे श्रद्धेने म्हणते. गेथशेमनी बागेत प्रभू येशूनेही दुःखाचा प्याला दूर व्हावा अशी विनवणी केली. प्याला टळला नाही. मात्र त्याला बळ देण्यासाठी देवदूत आला, असे संत लूक सांगतात (२२:४३).

नाशिकच्या मातीतील साक्ष

नाशिकजवळील जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक प्रॉटेस्टंट पंथाच्या होत्या. पण त्यांची साक्ष सर्वच ख्रिस्ती जनांची आहे. १८९५ साली पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लहानग्या दत्तूसह त्यांच्या वाट्याला काही वर्षांचा विरह व लोकांचे बोल आले. त्यांची श्रद्धा एका दिवसात उमलली नाही. प्रश्न विचारीत, रडत, भांडत त्या पुढे गेल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे याच माउलीने अनाथांना जवळ केले. १९१९ मध्ये पतिनिधन झाले, तरी त्या खचल्या नाहीत. १९३६ साली नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की, अश्रूंबरोबर हसूही देवाचेच दान आहे.

आपण काय करावे?

दुःख देवापुढे जसेच्या तसे मांडावे. पवित्र मिस्सा व प्रायश्चित्त संस्कार यांपासून दूर राहू नये. मनावरचे ओझे घरातील माणसाजवळ किंवा धर्मगुरूंजवळ बोलावे. डॉक्टरांचा उपचार घेणे, मदत मागणे यात श्रद्धेची उणीव नाही; देव बहुधा माणसांच्याच हातांनी धीर देतो. आणि शेजारचे कुटुंब वेढ्यात सापडले असेल, तर उपदेश बाजूला ठेवून आधी त्याच्या दारी जावे. कदाचित त्याच्यासाठी धाडलेला देवदूत आपणच असू.