घोडबंदरचा किल्ला आणि खाडीकांठची बाग

किल्ला पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा तट पाहातो, बुरुजावर चढतो आणि परततो. त्या तटाच्या आड कोणाचा तरी संसार होता, दारापुढें फुलझाडें होतीं, हें त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. ठाण्याच्या माजिवड्याहून कासारवडवली, गायमुख करीत जो रस्ता घोडबंदर गांवाकडे जातो, त्याच्या अखेरीस खाडीकांठच्या एका ठेंगण्या टेकडीवर असाच एक किल्ला उभा आहे. त्याच्या गांवाचें नांव धारण करणाऱ्या रस्त्यानें असंख्य वाहनें रात्रंदिवस धांवत असतात. परंतु क्षणभर थांबून टेकडी चढणारा विरळाच.

आज येथें जावयाचें तें सडकेनें. ज्यांनीं हा किल्ला बांधला त्यांचा राजमार्ग मात्र पाण्याचा होता. साष्टी बेटाला उत्तरेकडून वळसा घालून ठाण्याहून वसईला जाणारी खाडी हीच त्या काळची हमरस्त्याची वाट. अरबस्तानांतील घोडे गलबतांतून येथें उतरत, म्हणून हें घोड्यांचें बंदर, अशी परंपरा सांगते. १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व साष्टी पोर्तुगीजांच्या हवालीं केली. पुढें त्यांच्या सरकारानें आपल्या सरदारांना येथील गांवें ठराविक साऱ्यावर तोडून दिलीं. गांवच्या उत्पन्नावर या सरदारांचे वाडे उठले.

१६७५ च्या सुमारास जॉन फ्रायर नांवाचा इंग्रज कंपनीचा वैद्य या खाडीनें वसईकडे गेला. घोडबंदरच्या माथ्यावर त्यानें एका पोर्तुगीज सरदाराचें घर, गढी व देऊळ हीं तिन्हीं एकत्र पाहिलीं, आणि त्यांच्या बांधणीची त्यानें मोकळ्या मनानें स्तुति केली. त्याच खाडीच्या कांठीं द मेलो नांवाच्या दुसऱ्या सरदाराचें निवासस्थान होतें. तेथें उतारावर पायऱ्यापायऱ्यांनीं रचलेली बाग थेट पाण्यापर्यंत उतरत गेली होती. उताराला बांध घालणारे हात आणि झाडांना पाणी घालणाऱ्या घागरी कोणाच्या, याची नोंद प्रवासी करीत नाहींत. पण ते हात याच मुलुखांतील रयतेचे असले पाहिजेत, हें सांगावयास पुरावा नको.

हें वैभव निर्धास्त नव्हतें. १६७२ सालीं शिवाजीमहाराजांच्या फौजेनें घोडबंदरवर हल्ला केला, तो त्या वेळीं परतविला गेला. १७३७ सालीं चिमाजी आप्पांची मोहीम सुरू झाली, तेव्हां ठाण्याबरोबर घोडबंदरहि मराठ्यांनीं घेतलें, आणि १७३९ च्या मे महिन्यांत वसई पडली. पुढें १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें जिंकलें व १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. धनी बदलले, तट राहिला. बाग मात्र राहिली नाहीं. दगडाला धनी नसला तरी चालतें. झाडाला रोजचें पाणी आणि रोजचा माणूस लागतो. राज्यें मोडतात तेव्हां पहिली मरते ती बाग.

याच्या उलट उदाहरण आयर्लंडांत सांपडतें. डब्लिनच्या उत्तरेस मालाहाइड येथें टॅल्बट घराण्याचा किल्ला आहे. ११८५ सालीं इंग्लंडच्या राजानें ही जमीन त्यांना दिली. म्हणजे हेंहि घराणें जेत्यांबरोबर आलेलें. मध्यें क्रॉम्वेलच्या काळांतील कांहीं वर्षें सोडलीं तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तें तेथेंच नांदलें. शेवटच्या लॉर्डांपैकीं मायलो टॅल्बट यांनीं तेथें दूरदूरच्या देशांतील, विशेषतः टास्मानियांतील, झाडें लावून मोठी बाग उभी केली. त्यांच्या मृत्यूनंतर किल्ला व बाग सार्वजनिक झालीं. १९२२ सालीं स्वतंत्र झालेल्या त्या राष्ट्रानें परक्या जेत्यानें बांधलें म्हणून किल्ला टाकून दिला नाहीं. बागेची कुदळहि खालीं ठेवली नाहीं. आज आयरिश मुलें तेथें खेळतात.

घोडबंदरच्या तटाची अलीकडे डागडुजी झाली आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु वास्तूची दुरुस्ती एकदां करून भागतें, राखण मात्र दररोज करावी लागते. किल्ला कोणी बांधला हा इतिहासाचा प्रश्न आहे. तो कोणाचा, याचें उत्तर मात्र त्याला जपणारे लोकच देतात. रयतेच्या श्रमानें उठलेला हा तट आज रयतेचाच आहे. त्याच्या उतारावर चार झाडें लावून तीं जगविणाऱ्या लोकांना तो आपला म्हणण्याचा अधिकार आपोआप मिळेल.